चुरमुऱ्याच्या भट्टीत लोण्याचा गोळा! जिनिव्हाच्या बोगद्यात अणुकेंद्रकं जुळतात तरी कशी?

सीमा म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पाटी कुठल्या भाषेत, बस कुठल्या डेपोची, सातबारा की आरटीसी, यात आपली निम्मी हयात जाते. म्हणूनच एक गोष्ट वाचली तेव्हा मला गंमत वाटली. स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या हद्दीवर, जमिनीखाली सरासरी शंभर मीटरवर, २७ किलोमीटर घेराचा एक गोल बोगदा आहे. त्यात धावणारे कण सेकंदाला ११ हजारांहून जास्त फेऱ्या मारतात. म्हणजे तितक्या वेळा सीमा ओलांडतात आणि तितक्या वेळा परत येतात. ना चेकपोस्ट, ना पावती. सर्न या संस्थेचं हे यंत्र, नाव लार्ज हॅड्रॉन कोलायडर, थोडक्यात एलएचसी.

आता मी कॉमर्सचा माणूस, या भानगडीत पडलो कसा? भाची बी.एस्सी.ला आहे. संक्रांतीला तिळगूळ द्यायला आली आणि म्हणाली, "मामा, ऊसदर आणि निवडणूक सोडून कधी हेपण लिही की. एवढ्या आगीत ड्यूटेरॉन जगतो कसा, हे कुणाला नीट सांगताच येईना झालंय." मी हो म्हणून बसलो आणि पुढचे पंधरा दिवस वाचत राहिलो. जे कळलं ते आपल्या भाषेत मांडतो.

ड्यूटेरॉन म्हणजे कोण, ते आधी. साध्या हायड्रोजनच्या केंद्रकात एकच प्रोटॉन असतो. त्याला एक न्यूट्रॉन चिकटला की झाला ड्यूटेरॉन. आपल्या शेजारी कारवार जिल्ह्यात कैगाची अणुभट्टी चालते ती 'जड पाण्या'वर. त्या जड पाण्यातला जडपणा या ड्यूटेरॉनचाच. घरातल्या घागरीतही तो आहे, साधारण साडेसहा हजार हायड्रोजनमागे एक. आणि घागरीतला हा ड्यूटेरॉन बहुतांशी विश्वाच्या जन्मानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत तयार झालेला, म्हणजे आपल्या घरातल्या सगळ्यात जुन्या वस्तूंपैकी ती एक.

एलएचसीत वर्षातले बहुतेक दिवस प्रोटॉनवर प्रोटॉन आपटतात. साधारण महिनाभर मात्र शिशाची केंद्रकं सोडली जातात. एकात ८२ प्रोटॉन आणि १२६ न्यूट्रॉन, असा २०८ जणांचा गोतावळा. जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने दोन गोतावळे समोरासमोर भिडतात. ही टक्कर बघायला जे यंत्र मुख्यतः बांधलंय त्याचं नाव ॲलिस. २६ मीटर लांब, १६ मीटर उंच, वजन दहा हजार टन. ते फ्रान्सच्या हद्दीत येतं.

टक्कर झाली की प्रोटॉन-न्यूट्रॉन हे वेगवेगळे उरतच नाहीत. त्यांच्या आतले क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे होऊन त्यांचा एक रस बनतो. तो फुगतो, निवतो, आणि सुमारे १.८ लाख कोटी अंशांवर आला की त्यातून पुन्हा कण थिजतात. सूर्याच्या गाभ्याचं तापमान दीड कोटी अंश, त्याच्या लाखपट ही भट्टी. अगदी समोरासमोरच्या एका टकरीतून वीस हजारांच्या घरात विद्युतभारित कण बाहेर पडतात. त्यात बहुतेक पायॉन, काही प्रोटॉन, आणि अगदी थोडे ड्यूटेरॉन, ट्रायटॉन, हीलियमची केंद्रकं.

इथे एक शंका कुणालाही येईल, मलाही आली. शिसं फुटल्यावर त्याचे तुकडे पडणारच, त्यातलेच हे असतील! पण नाही. टकरीतून बाजूला फेकल्या जाणाऱ्या कणांत जितके ड्यूटेरॉन सापडतात जवळजवळ तितकेच प्रतिड्यूटेरॉनही सापडतात, म्हणजे प्रतिप्रोटॉन आणि प्रतिन्यूट्रॉन यांची जोडी. शिशात प्रतिपदार्थ औषधालाही नसतो. तेव्हा हा माल गोदामातला नाही, तिथल्या तिथे, त्या क्षणी घडवलेला आहे.

दोन रुपये वीस पैशांची गाठ

भाचीचा प्रश्न आता नीट समजतो. या क्षेत्रात ऊर्जा एमईव्ही या एककात मोजतात. आपण त्याला रुपया समजू. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांची ड्यूटेरॉनमधली गाठ सुटायला २ रुपये २० पैसे पुरतात. आणि कण थिजतात त्या वेळी बाजाराचा भाव चालू असतो १५६ रुपयांचा. जो येईल तो खिशात सत्तरपट रक्कम घेऊन धक्का मारत जाणार. अशा बाजारात सव्वादोन रुपयांची गाठ टिकते कशी? आपल्याकडे चुरमुऱ्याच्या भट्टीत तापलेली वाळू असते, त्यात लोण्याचा गोळा टाकावा आणि चाळणीतून अख्खा निघावा, तसं हे. शास्त्रज्ञ मंडळी याला नरकातला बर्फाचा गोळा म्हणतात.

याहून मोठं आश्चर्य पुढे आहे. त्याचं नाव हायपरन्यूक्लियस.

प्रोटॉन-न्यूट्रॉनचे आणखी काही भाऊबंद आहेत. त्यातला एक लॅम्डा. त्याच्यात एक 'स्ट्रेंज' जातीचा क्वार्क असतो, म्हणून तो प्रोटॉनपेक्षा सुमारे १९ टक्के जड. आयुष्य फार थोडं. एका सेकंदाचे एक हजार कोटी भाग केले तर त्यातले अडीच-पावणेतीन. हा लॅम्डा एखाद्या केंद्रकात जाऊन बसला की ते हायपरन्यूक्लियस. १९५२ मध्ये वॉर्साचे मारियान दानिश आणि येझी प्निएव्स्की यांना तो पहिल्यांदा दिसला. ना कोलायडर, ना संगणक. बलूनमधून उंच पाठवलेली फोटोची जाड इमल्शन, त्यावर वैश्विक किरणांनी उमटवलेल्या रेषा आणि समोर सूक्ष्मदर्शक. एका स्फोटातून निघालेला तुकडा थोडा सरकतो आणि मग स्वतःच फुटतो, असं त्यांना त्या रेषांत दिसलं. साधा तुकडा असा उशिराने फुटायला नको होता. आत कुणीतरी वेगळा बसलाय हे त्यांनी ओळखलं.

अडीच-पावणेतीन भाग हे आयुष्य आपल्याला क्षुद्र वाटतं, पण भट्टीच्या घड्याळाने बघा. ती सगळी आग जितका वेळ टिकते तो एक सेकंद धरला, तर लॅम्डा अडीच-तीन लाख वर्षं जगतो. भट्टीच्या दृष्टीने तो चिरंजीवच.

हायपरन्यूक्लियसमधला सगळ्यात हलका तो हायपरट्रायटॉन: एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन, एक लॅम्डा. यात लॅम्डाची गाठ किती पक्की? आपल्या हिशेबात दहा ते पंधरा पैशांची! बाजारभाव तोच, १५६ रुपये. लॅम्डा इतका सैल बांधलेला असतो की तो ड्यूटेरॉनपासून सरासरी दहा फेम्टोमीटरच्या आसपास भटकतो. तिघांचा संसार, पण पसारा जवळपास २०८ जणांच्या शिशाच्या केंद्रकाएवढा. त्याच्या आयुष्यावरूनही बरीच वर्षं वाद चालला. लॅम्डा इतका सैल असेल तर त्याने मोकळ्या लॅम्डाइतकंच, म्हणजे २६३ पिकोसेकंद जगायला हवं. पण काही मोजमापांत ते फारच कमी निघत होतं, एकदा तर १४२. शेवटी ॲलिसने २५३ पिकोसेकंद मोजलं, त्रुटीसकट ते २६३ शी जुळतं, आणि वाद बराचसा निवळला.

दिसतो कसा, मोजतात कसा?

हा भाग मला सगळ्यात जवळचा वाटला, कारण ही शुद्ध जमाखर्चाची रीत आहे. ॲलिसच्या पोटात वायूने भरलेलं पाच मीटर लांब आणि तितक्याच व्यासाचं पिंप आहे. कण त्यातून जाताना वायूत खूण सोडत जातो. भार दुप्पट असेल तर खूण चौपट ठळक, त्यामुळे हीलियम गर्दीतही उठून दिसतो. चुंबकात रेषा किती वळली यावरून संवेग कळतो आणि ठराविक अंतर कापायला किती वेळ लागला यावरून वेग.

हायपरट्रायटॉन स्वतः थोडंच अंतर जातो, साधारण काही सेंटिमीटर, आणि फुटतो. बऱ्याचदा त्यातून हीलियम-३ आणि एक ऋण पायॉन निघतो. मग उलटा हिशेब करायचा. हवेतच, टकरीच्या जागेपासून दूर, एका बिंदूतून फुटलेल्या दोन रेषा शोधायच्या. दोघांची ऊर्जा आणि संवेग मांडून मूळ रक्कम काढायची. ती २,९९१ रुपयांच्या आसपास आली तर खातं हायपरट्रायटॉनचं. अर्थात हजारो रेषांत कुठलीही दोन चुकून जुळू शकतात, म्हणून तशा खोट्या जोड्या किती पडतील याचा अंदाज वजा करावा लागतो. कोट्यवधी टकरींचे कागद असे चाळावे लागतात.

किती दुर्मिळ, त्याचाही एक दर आहे. शिशाच्या टकरीत केंद्रकात एक घटक वाढला की संख्या सुमारे तीनशे पटीने घटते. ३०० प्रोटॉनमागे एक ड्यूटेरॉन, ९० हजारांमागे एक हीलियम-३, आणि हीलियम-४ हवा असेल तर सुमारे पावणेतीन कोटी प्रोटॉन मोजायची तयारी ठेवा. प्रोटॉन-प्रोटॉन टकरीत तर हा दंड प्रत्येक पायरीला हजाराच्या घरात जातो. अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ ब्रुकहेव्हनला सोन्याची केंद्रकं आपटायचे. तिथल्या स्टार प्रयोगाने २०११ मध्ये जाहीर केलेले प्रतिहीलियम-४ एकूण १८ होते. त्याच प्रयोगाने २०२४ मध्ये प्रतिहायपरहायड्रोजन-४ जाहीर केला, तेव्हा सहाशे कोटींहून जास्त टकरी चाळून हाती लागले सोळाच्या आसपास. त्याच वर्षाच्या अखेरीस ॲलिसने प्रतिहायपरहीलियम-४ चा पुरावा मांडला.

तेरीज जुळली म्हणून काय झालं?

आता मूळ भांडण. ही केंद्रकं जुळतात कधी?

एक पक्ष म्हणतो, कसं आणि कधी ते विचारू नका. भट्टीचं तापमान सांगा, कणाचं वजन सांगा, आम्ही संख्या सांगतो. याला सांख्यिकी प्रारूप म्हणतात. गंमत म्हणजे संख्या बरोबर येते! तापमान एकच, १५६ रुपयांचं. त्यावर पायॉनपासून हीलियम-४ पर्यंत सगळे बसतात, आणि या दोन टोकांच्या संख्येत शंभर कोटी पटींचा फरक आहे. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, संपलं, आणखी काय पाहिजे? पण अकाउंटन्सीच्या पहिल्याच वर्षाला आमच्या सरांनी डोक्यात भरवलेलं आहे की तेरीज जुळली म्हणजे वह्या बरोबर असतात असं नाही. दोन चुका एकमेकींना फेडून टाकतात आणि खाली बेरीज साळसूदपणे सारखी येते. शिवाय व्हाउचर कुठंय? सव्वादोन रुपयांची गाठ दीडशे रुपयांच्या धक्क्यांत टिकली कशी, याचं उत्तर या वहीत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, ती भट्टीत टिकतच नाहीत, कारण भट्टीत ती जन्मतच नाहीत. सौंदत्तीची यात्रा आठवा. डोंगरावर रेटारेटी चालू असते तेव्हा धरलेला हात सुटतो, तिथे कोण कुणाची सोबत धरणार? पण गर्दी पांगली की खाली उतरताना शेजारी-शेजारी, एकाच दिशेने, एकाच चालीने चाललेले दोघे खानापूरकर एका वडापमध्ये बसतात. तसंच प्रोटॉन आणि न्यूट्रॉन आगीतून सुटे बाहेर पडतात, आणि जे जवळ-जवळ, सारख्या वेगाने चाललेत ते नंतर जुळतात. ही कल्पना १९६० च्या दशकापासूनची आहे.

साध्या ड्यूटेरॉनसाठी दोन्ही पक्षांचे आकडे इतके जवळ येतात की निवाडा होत नव्हता. इथे त्या ढिल्या, पसरट हायपरट्रायटॉनने साक्ष दिली. पहिल्या पक्षाला आकाराशी देणंघेणं नाही, फक्त वजन बघायचं. दुसऱ्या पक्षाला मात्र आकार महत्त्वाचा: ज्याचा संसार दहा हात पसरलेला, तो दीड हाताच्या खोलीत मांडता येत नाही. शिशाच्या मोठ्या टकरीत जागा भरपूर, तिथे फरक कमी पडतो. पण प्रोटॉन शिशावर आपटला तर तयार होणारी भट्टी अगदी छोटी. तिथे हायपरट्रायटॉन फारच कमी निघायला हवेत. २०२२ मध्ये ॲलिसने नेमकं हेच मोजलं, आणि ते कमीच निघाले. नंतर जुळण्याच्या बाजूने पारडं झुकलं.

तरी व्हाउचर बाकी होतंच. ते २०२५ च्या डिसेंबरमध्ये 'नेचर'मध्ये आलं, भाचीच्या हातातला लेख तोच.

युक्ती अशी. टकरीतून निघणारे सगळेच प्रोटॉन-न्यूट्रॉन थेट बाहेर पडत नाहीत. बरेच जण आधी डेल्टासारख्या अल्पजीवी कणाच्या रूपात निघतात. डेल्टाचं वजन १,२३२ रुपये. (एलएचसीत मुख्य चुंबकंही १,२३२ च आहेत. योगायोग आहे, पण हिशेबाच्या माणसाच्या नजरेतून असा आकडा सुटत नाही.) हा डेल्टा लगेच फुटतो आणि एक प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन आणि एक पायॉन देतो. लगेच म्हणजे इतक्या लवकर, की लॅम्डा त्याच्यापुढे म्हातारा. पण तेवढ्यात भट्टीच्या ऐन आगीतून तो थोडा लांब आलेला असतो. आता यातून सुटलेला प्रोटॉन जर पुढे ड्यूटेरॉनमध्ये गेला, तर त्याच्यासोबत जन्मलेला पायॉन त्याच्याच वाटेवर आसपास असणार. दोघांच्या चालीत नातं उरणार. आणि ड्यूटेरॉन आधीच, थेट आगीतून तयार निघाला असेल, तर पायॉनशी त्याचं असं काही नातं असायचं कारण नाही.

ॲलिसने १३ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या प्रोटॉन-प्रोटॉन टकरींत ड्यूटेरॉन आणि पायॉनच्या जोड्या लावून बघितल्या. डेल्टाची खूण तिथे स्पष्ट होती. हिशेब केल्यावर निघालं की सुमारे ९० टक्के ड्यूटेरॉन अशा अल्पजीवी कणांच्या फुटण्यानंतर, सुट्या प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या जुळण्यातून झालेले आहेत. प्रतिड्यूटेरॉनचंही तेच. म्हणजे लोण्याचा गोळा भट्टीत नव्हताच. भट्टीबाहेर, चाळणीखाली तो जमला.

कुणाला काय पडलंय याचं?

हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर आलाच. दोन उत्तरं देतो.

आकाशगंगेत डोळ्यांना न दिसणारा कृष्णपदार्थ आहे, आणि तो कशाचा आहे हे कुणालाच माहीत नाही. त्याचे कण एकमेकांना भिडून नष्ट होत असतील तर त्यातून प्रतिड्यूटेरॉन, प्रतिहीलियम निघू शकतील. २०११ पासून अंतराळ स्थानकावर एएमएस नावाचं यंत्र याच वाटेवर पहारा देत बसलंय. पण साधे वैश्विक किरण अंतराळातल्या वायूवर आपटूनही थोडी प्रतिकेंद्रकं तयार होतात. ती किती, हे पक्कं ठाऊक नसेल तर उद्या एखादं प्रतिहीलियम सापडलं तरी ते कुणाच्या खात्यावर मांडायचं? एलएचसीतल्या प्रोटॉन टकरी म्हणजे त्या वायूतल्या टकरींची तालीमच. ॲलिसने प्रतिहीलियम-३ पदार्थात किती शोषला जातो तेही मोजलंय, आणि कृष्णपदार्थातून जन्मलेला असेल तर त्यातला निम्म्याच्या आसपास आपल्यापर्यंत पोहोचू शकतो असा अंदाज दिलाय.

दुसरं उत्तर न्यूट्रॉन ताऱ्यांचं. सूर्याहून जास्त वस्तुमान एखाद्या शहराएवढ्या गोळ्यात दाबलेलं. इतक्या दाबाखाली आत लॅम्डा तयार व्हायला हवेत, असं गणित सांगतं. पण लॅम्डा आले की तारा आतून मऊ पडतो आणि फार भार पेलू शकत नाही. आणि सूर्याच्या दुप्पट वजनाचे न्यूट्रॉन तारे तर २०१० पासून सापडलेत. लॅम्डा प्रोटॉन-न्यूट्रॉनला किती ओढतो आणि जवळ आल्यावर किती ढकलतो, हे कळल्याशिवाय हा पेच सुटणार नाही. हायपरट्रायटॉनची ती दहा-पंधरा पैशांची गाठ इतक्या हट्टाने मोजतात ती यासाठी.

यात आपली माणसंही आहेत. कोलकात्याचं व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर आणि साहा इन्स्टिट्यूट ॲलिसमध्ये सुरुवातीपासून. फोटॉन मोजणारं एक अख्खं उपकरण भारतीय गटांनी बांधून दिलं. आयआयटी मुंबईचा गट आहे, आणि इंदूरच्या आपल्या वाचकांसाठी सांगायचं तर आयआयटी इंदूरचाही. त्याहून इंदूरकरांनी मिरवावं असं एक काम बोगद्यात आहे. तीसेक टनांचं एकेक चुंबक ज्या जॅकवर तोलून बसवलंय, ते सात हजारांच्या आसपास जॅक भारतातून गेले, आणि त्या कामात इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राचा मोठा वाटा. ट्रकखाली लावतो तो जॅकच, पण केसाच्या जाडीइतकं चुंबक सरकवू शकणारा.

लेख पाठवायच्या आधी भाचीला वाचून दाखवला. तिने एक चूक काढली. "मामा, ९० टक्के हा आकडा प्रोटॉन-प्रोटॉनचा आहे हं. शिशाच्या टकरीत गोळा मोठा, बाहेर पायॉनची झुंबड. तिथे जुळलेला ड्यूटेरॉन पुन्हा मोडतो, परत जुळतो, असं किती वेळा चालतं ते अजून मोजायचंय." तसं लिहितो म्हणालो. लिहिलं.